माज, तिसऱ्यांदा

फहमिदा मुकादमांची कवडी पुन्हा उलटली.
फोनवर त्या म्हणाल्या, "ये रे बाबा,
आणि या खेपेला जरा मन लावून कर."

मोटरसायकलला नायट्रोजनची टाकी बांधून
मी साखरीनाट्याची घाटी उतरतो.
टाकीच्या तळाशी, उणे एकशे शहाण्णव अंशांत,
बैल झोपलेले असतात,
एका नळीत एक.
नळी शहाळ्यातल्या स्ट्रॉहून बारीक, प्लास्टिकची.
वर छापलेली जात, नंबर, तारीख.

हातमोजा खांद्यापर्यंत चढवतो. तोही प्लास्टिकचा.
आत सगळं जागच्या जागी:
पिशवीचं तोंड, दोन्ही शिंगं,
बळस काचेसारखा.
मग राहत का नाही?

कवडी दुपारची पुळणीवर जाते.
भरती ओसरली की ओळीने पडलेलं चाटत सुटते:
सुरूच्या काटक्या, थर्माकोलचा चुरा,
खारट लागेल ते.
फहमिदाबाईंना गोवऱ्या थापताना शेणात
निळे धागे लागतात.
"आमच्या ह्यांच्याच जाळ्याचा दोरा," म्हणतात,
आणि चिमटीने काढून कुडाला पुसतात.
चिमटीत न येणाऱ्याबद्दल
मी काही बोलत नाही.

गेल्या मे महिन्यात इथेच एक बुलगा लागली होती.
माशासारखी दिसते, पण दूध पाजणारी.
डॉक्टर पेडणेकर मॅडमनी पोट उघडलं,
मी बॅटरी धरली.
आत पिल्लू,
वीतभर, मिटल्या डोळ्यांचं,
शेपटी दुमडून ठेवलेली,
बाजारच्या पिशवीची घडी घालतो तशी.
मॅडमनी जाराचा तुकडा बाटलीत घेतला.
दोन महिन्यांनी कागद आला:
तंतू अकरा, कण सदतीस.
मी विचारलं, "यानेच गेलं?"
"ते यात लिहिलेलं नाही," म्हणाल्या.
चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या.

मलाही एक कागद आलाय. रत्नागिरीहून.
छोटी डबी, बंद खोली,
भिंतीवर कुठल्याशा पतपेढीचं कॅलेंडर.
रोज मी बैलांचे कोटींनी मोजतो,
माझे मोजायला त्यांना
एक माणूस आणि पाच मिनिटं पुरली.
कशामुळे? तर म्हणे मोटरसायकल, ताण,
उष्णता, वय, काहीही असेल.
धाग्यांचं विचारलं,
तर डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले.

प्रणोतीने त्या रात्री डबे सगळे बाहेर काढले.
माळ्यावरची पितळी भांडी घासली चिंचेने.
सकाळी त्यात पाणी भरलं,
गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं.
दोघं नळाकडे बघत उभे राहिलो,
आणि एकदम हसू फुटलं आम्हाला,
डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

कोमट पाण्यात नळी धरतो, तीस सेकंद.
टोक कापतो, गनमध्ये भरतो.
कवडी मान वळवून बघते एकदा,
पुन्हा वैरणीत तोंड घालते.
मन लावून करतो, फहमिदाबाई.
याहून मन लावता येत नाही.

रिकामी नळी आणि हातमोजा
नेहमी माडाच्या बुंध्याशी टाकतो.
आज खिशात घातला.
घरी नेऊन कुठे टाकणार,
ठरवलेलं नाही.

एकवीस दिवसांनी त्यांचा फोन आला नाही
तर समजायचं, राहिलं.
आमच्या घरीही दिवस मोजणं चालूच असतं.
तिथे फोन वाजत नाही.
न्हाणीघराचं दार उघडतं फक्त,
आणि प्रणोती बाहेर येऊन
काही न बोलता चहा टाकते.