मस्टरवरचा फुलबॅक

ओल्डहॅमला रविवारी सकाळी
गवत इतकं ओलं की बूट काढताना मोजाही हातात येतो.
नातवाच्या छातीवर कार्पेटच्या दुकानाचं नाव,
पाठीवर सहा नंबर. दुकानदार स्वतः
टचलाइनला उभा, हात खिशात,
पोरं पडली तर नाही, नाव मळलं तर कळवळणारा.

मी त्याला ओळखतो.
म्हणजे त्याला नाही, त्या नजरेला.

आमच्या छातीवर हिरजी मिल होती.
उत्तरेश्वर पेठेतनं मला उचललं तेव्हा मी एकोणीस,
पेठेसाठी फुकट खेळायचो,
जिंकलं की मिसळ, हरलं की मागच्या बोळातनं घरी.
हिरजीचे स्पोर्ट्स ऑफिसर दारूवाला म्हणाले,
"कायम नोकरी. प्रॉव्हिडंट फंड. दिवाळीला चादर."
आईनं त्यातलं 'कायम' तेवढं ऐकलं.

मस्टरवर मी डिस्पॅच क्लार्क.
दहाला सही, सव्वादहाला मैदान.
गोलात कायतान फुर्तादो, फोल्डिंग खातं.
डावीकडं शण्मुगम, टाइमकीपर, मनगटावर घड्याळ नाही.
मधे याकूब बागवान, कागदोपत्री वॉचमन,
आणि खरं सांगतो, त्याच्यापुढनं कधी काही सुटलं नाही.
अकरा माणसं, अकरा खाती,
एका गठ्ठ्याचा हिशेब कुणाला येईल तर शपथ.

शनिवारी पाळी सुटली की साचेवाले येत,
केसांत कापूस तसाच.
रंगनाथ भेकरे आमच्या गोलामागं बसायचा,
माझ्या नावानं शिव्या घालायचा नव्वद मिनिटं,
आणि जिंकलो की पानाचे पैसे त्याचेच.

मग संप.
साचे थांबले, गेटला कुलूप.
आम्हाला मात्र चिठ्ठी आली:
सामना चारला, जर्सी धुऊन ठेवल्या आहेत.
आम्ही गेलो.
हे सांगायला बसलोय ते एवढ्यासाठीच.
आम्ही गेलो, खेळलो, सात तारखेला पगार घेतला.
गोलामागं भेकरे उभा होता, बसला नव्हता.
नव्वद मिनिटं. एक शिवी नाही.
दोन-शून्य जिंकलो.
शिट्टी वाजल्यावर मी वळलो तर
तिथं नुसतं तुडवलेलं गवत.

पुढच्या साली नोटीस बोर्डावर दीड ओळ,
संघ विसर्जित करण्यात येत आहे.
विसर्जित.
पुढच्या वर्षी लवकर या, असं कुणी म्हणालं नाही.
दारूवालांनी ढाल घरी नेली. कायतान आखातात गेला.
याकूबचं विचारू नका, मलाच माहीत नाही.
माझा हिशेब झाला डिस्पॅच क्लार्कचा,
आणि डिस्पॅच मला येत नव्हतं.

फार पुढं, लेकीमागं इथं आलो.
पहिल्याच आठवड्यात एका भिंतीशी थबकलो.
विटांची मिल, धुराडं, आत आता कुणाकुणाचं सामान भाड्यानं.
दारावर लोखंडात ओतलेली अक्षरं: ओल्डहॅम.
हीच अक्षरं आमच्या साच्यांच्या अंगावर होती.
भेकरे त्यांच्या वर चहाचा ग्लास ठेवायचा.
मला वाटायचं, कुठल्या तरी जुन्या मालकाचं नाव असेल.

आज लाइन्समन आला नाही.
कोच डेरेकनं झेंडा माझ्या हातात दिला,
"यू प्लेड, डिडन्ट यू?" म्हणाला.
हो म्हणायला मला जरा वेळ लागला.

शेवटच्या मिनिटाला नातवानं गोल मारला.
पोरं नाचली. दुकानदाराचे हात खिशातनं निघाले.
पोरगा अर्धं पाऊल पुढं होता.
अर्धंच.
मी झेंड्याकडं बघितलं तेव्हा तो आधीच वर गेलेला.

गाडीत नातू बोलेना.
सिग्नलला विचारलं, "किती पुढं होतास रे?"
काचेकडं बघत म्हणाला, "थोडा."
मग बराच वेळ वायपर.
मग विचारलं त्यानं, "तुमच्या शर्टावर कुणाचं नाव होतं?"