दीड पत्रा

लोम्बोक, रात्रीचे अकरा.
छातीएवढ्या गढूळ पाण्यात इनाक सहनिम
आणि बांधावर मी, तिचा जावई, फोन धरून.

सुराबायाहून कुणी गुलाब पाठवला
की ती डोक्यावर एक मग ओतून घेते.
सिंह आला तर दहा.
सिंह अजून आलेला नाही.

भात लावायची तेव्हाही अशीच चिखलात,
बघायला फक्त बगळे.
आज लाइव्हवर चारशे बारा जण.
एकाने लिहिलंय : लाज नाही वाटत?
तिला वाचता येत नाही,
मी वाचून दाखवत नाही.

"किती झाले रे?" दात वाजतायत तिचे.
"दीड पत्रा."
छपराला सात हवेत.

पडद्यावर बदाम बुडबुड्यांसारखे वर जाऊन फुटतात.
ती डोळे बारीक करून फोनकडे बघते :
"इतकी माणसं जागी अजून?
विचार त्यांना, जेवलीत का."