व्हाइस, सहा इंची

दस्तगीरच्या वखारीत शनिवारी माल उतरतो.
कॅम्पातल्या लिलावाचा, बंद पडलेल्या गॅरेजांचा,
कधी खानापूरच्या एखाद्या सुताराची अख्खी पेटी,
आतल्या भुशासकट, अर्ध्या विडीसकट.
मी कपाळावरचा चष्मा खाली ओढते.
ह्या कामाचे मला दिवसाला चारशे
आणि दोन चहा.

आधी चकाकी बघायची.
पिवळसर, उबदार, तर निकेल.
निळसर आणि थंड, तर क्रोम, म्हणजे नंतरचं.
रंध्यावरचा काळा रंग जिथं उडालाय तिथं बोट फिरवायचं:
हाताने झिजला तर कड लागत नाही,
तारेच्या ब्रशने उडवला तर नखाला अडते.
चिंचेच्या पाण्यात बुडवून, मिठात पुरून
म्हातारा केलेला पाना मी वासावर ओळखते.
त्याचा गंज सगळीकडे सारखा.
खऱ्या गंजाला आवडीनिवडी असतात.

मग खुणा.
तीन रेघांचा बाण: पलटणीचा माल.
त्याच्या टोकाला टोक लावून दुसरा बाण: पलटणीने विकला.
करवतीच्या शिसवी मुठीवर खिळ्याने टिंबं पाडून य. भ. सु.
आणि खाली, वेगळ्या खिळ्याने, एक कानडी अक्षर.
विकली, की गहाण पडली, की उसनी नेऊन
परत दिलीच नाही,
ते टिंबं सांगत नाहीत.

परवा व्हाइस आली. उद्यमबागेत ओतलेली, इथलीच.
उतरवताना दस्तगीरची कंबर धरली.
पाठीवर उठावाची अक्षरं: कारखान्याचं नाव,
खाली गावाचं, जुन्या इंग्रजी स्पेलिंगात,
म्हणजे चौदा सालाच्या आधीची,
हे शेंबडं पोरही सांगेल.
त्याखाली राज्य असायला हवं.
मुंबई, तर छप्पनच्या आधीची.
म्हैसूर, तर त्र्याहत्तरच्या.
त्यानंतरची सगळी कर्नाटक.
आमच्या गावात ओतीव लोखंडाचं वय काढणं
इतकं सोपं आहे.

हिच्यावर राज्यच नव्हतं.
तिथं कानशीच्या रेघा.

गिऱ्हाईक निपाणीचं, गळ्यात कॅमेरा.
म्हणाला, बघा मावशी, ही चळवळीतली वस्तू.
आपल्याच कुणीतरी रागाने घासून काढलंय.
दुप्पट देतो.
दस्तगीरने माझ्याकडे बघितलं.

मी भिंग लावलं.
राग असा घासत नाही.
रागाच्या रेघा एकमेकींना कापतात,
शेजारच्या अक्षरावर घसरतात.
ह्या एका मापाच्या, आणि रेघांच्या आत
कारखान्याचाच हिरवा रंग उतरलेला.
म्हणजे आधी घासली, मग रंगवली,
गेटबाहेर पडायच्या आत.
आणि उतार उलटा. डावखुरा हात.

डावखुरे तिथं इराप्पा मास्तर एकटेच.
घरी कानडी, कामावर मराठी,
शिव्या दोन्हींत.
मी तेव्हा त्याच शेडमध्ये कोअर करत होते, सतरा वर्षांची,
हाताला वाळूचा आणि काकवीचा वास.
नोव्हेंबरात राज्याचं नाव बदललं,
जुन्या नावाचे चाळीस नग पडून.
मालक म्हणाले, परत वितळवायला कोळसा काय
तुमचा बाप देणार? घासा.
नगाला दहा पैसे.
मास्तर दोन दिवस घासत होते.
मध्येच मान वर करून म्हणाले,
'ओ' लगेच जातंय बघ पोरी,
'एम' काय हटत नाही की ग.

त्र्याहत्तर, मी सांगितलं. नोव्हेंबर.
राग नाही?
नाही. दहा पैसे.
त्याने व्हाइसचा एक फोटो काढला
आणि गेला.

दस्तगीर संध्याकाळपर्यंत बोलला नाही.
दुसरा चहा आला, पण फिका.
उन्हं दारातून तिरपी आत आली तेव्हा बघितलं,
'एम'चे दोन पाय अजून आहेत,
नखाला लागतात.