हळदीचा सदरा

हनोख वायदंडे सर मिरजेहून सायकलीनं यायचे,
पँटच्या पायाला कपड्यांचा चिमटा,
कॅरिअरला डबा, आणि डब्यात जेवण असेलच असं नाही.
कधी बेडकाची पिल्लं, कधी फुटका थर्मामीटर,
एकदा तर खाटकाकडून मागून आणलेला बोकडाचा डोळा.
"हा आता तुमच्याकडं बघत नाही," म्हणायचे. "का?"

आमची शाळा सांगलीत, हळदीच्या पेठेमागं.
उन्हाळ्यात भिंतीसुद्धा शिंकायच्या.
माझा बाप तिथं पोती वाहायचा.
त्याचा घाम पिवळा, खोकला पिवळा,
दोरीवरचा सदरा सात पाण्यांनंतरही पिवळाच.
आई तो धुताना मी तिकडं बघायचो नाही.
पालकसभेची तारीख घरी सांगायचो नाही.

सरांचा आजा जतकडचा.
विहिरी आटल्या त्या साली चार पोरं घेऊन चालत निघाला,
दोन पोचली.
गावात त्याच्या ओंजळीत पाणी वरून ओतत;
मिशनच्या आवारात कुणीतरी तांब्याच हातात दिला.
एवढंच सांगायचे सर. पुढचं सांगायचे नाहीत.
वडील ऑपरेशनच्या खोलीबाहेर
कात्र्या-चिमटे उकळायचे, घड्याळ लावून, वीस मिनिटं.
"एकोणिसाव्या मिनिटाला काढलं
तरी दिसायला सारखंच दिसतं,"
आणि तिथं सरांचा खडू थांबायचा.

एकदा कुणीतरी विचारलं, "सर, तुमच्या पुस्तकात
सहा दिवसांत जग झालं म्हणे?"
"तेव्हा मी हजर नव्हतो," सर म्हणाले,
"निरीक्षणाचा रकाना कोरा सोडतो.
रविवारी गातो मात्र. गाण्याला रकाना नसतो."

आणि एका सोमवारी फळ्यावर एकच शब्द:
बाटगा.
अक्षर सुबक होतं.
शुद्धलेखनात मला दहापैकी नऊ पडत.

सरांनी तो पुसला नाही.
त्याच्याच खाली तारीख घातली. विषय: दर्शक.
मग माझ्याकडं बघून म्हणाले,
"उद्या वडिलांचा जुना सदरा आणशील? न धुतलेला."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही.
आणला. वर्तमानपत्रात गुंडाळून, दप्तराच्या तळाशी.

त्यांनी तो टेबलावर अंथरला, बाह्या सरळ केल्या,
प्रभुभोजनाच्या मेजावर कापड अंथरतात तसा
(ते मेज मी पाहिलं फार उशिरा, त्यांच्याच माघारी).
बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या.
छप्पन्न पोरं, छप्पन्न पट्ट्या, कॉलर तेवढी उरली.
साबणाचं पाणी: पट्टी लालभडक.
लिंबू: पुन्हा पिवळी.
गफूर बाकावर चढला.
पुन्हा साबण, पुन्हा लिंबू, पोरं ऐकेनात.
"माझ्या लग्नात," सर म्हणाले, "बायकांनी हळद लावली,
आमच्यातही लावतात. बनियन साबणात घातलं
तर आई किंचाळली, तिला वाटलं रक्त."
वर्ग हसला. सरही हसले.
मग फळ्याकडं पाठ ठेवूनच विचारलं,
"तर मग हळद बाटली का रे?"
कुणी बोललं नाही. त्यांना उत्तर नकोही होतं.
तास संपल्यावर डस्टर माझ्या हातात दिलं.

वही अजून आहे. नववी ब, प्रयोग सातवा.
अनुमानात मी लिहिलंय: सदरा वाईट नसतो.
खाली लाल पेन्सिलीची ओळ:
"अनुमान बरोबर, पण घाईचं. घरी पुन्हा करून पाहणे."

त्या संध्याकाळी बाप पेठेतून आला
तेव्हा मी बादली भरून ठेवली होती, शेजारी साबण.
त्यानं हात चोळले. फेस लाल झाला.
मी त्याच्याकडं बघत राहिलो.
"बघतोस काय? ह्ये तर रोजचंच," तो म्हणाला,
"ईस वर्सं झाली."
मग हात तसेच धरून, जरा थांबून,
"पर का हुतंय रं?"

मी लिंबू आणायला उठलो.