काडी

पुलगावच्या फाटकाआधी
इस्राइल मिस्त्रीचं टिनाचं दुकान.
किक मारली, तशी ब्रीदरची नळी
पेलाभर काळं ऑइल ओकली
त्याच्या पांढऱ्या कोंबडीवर.

तो हसला नाही.
भाकर टाकण्याआधी तव्याची आच पाहतात
तसा नळीच्या तोंडाशी तळहात धरला.
चिमटीत ऑइल चोळलं, हुंगलं.
'साय नाही, म्हंजे पानी नाही गेलं.
धूर निळा नाही, रिंगा शाबूत.
किती दिवस उभी होती?'

तीन महिने. पाय प्लास्टरमध्ये.
दर रविवारी लंगडत जायचो,
काडी काढायचो,
कोरडी दिसली की
थोडं थोडं ओतायचो.

'अबे, उभ्या गाडीचं ऑइल खाली उतरते.
काडीले लागत नाही, पन असते पोटातच.
आधी चालव, मंग थांब, मंग पाह्य.
तू त उपाशी समजून
जेवलेल्यालेच वाढत होता.'

खालचा नट खोलून दीड लिटर काढलं,
माझ्याच पाण्याच्या बाटलीत भरून दिलं.
'बंडीच्या आखाले लाव.'
पैसे विचारले
तर कोंबडीकडं बोट दाखवलं.
ती अजून पंख झटकत होती.