अडतीस दात

इल्दा कवळ्या बनवते, पोर्तोत, नदीकाठच्या गल्लीत.
घर मात्र वर, चढ संपतो तिथे.

आदेलिनूने विचारलं नाही, वेग किती हवा.
विचारलं, संध्याकाळी गुडघे कसे असतात?

मग पुढे अडतीस दात, मागे बावीस.
चाक सव्वीस इंची, टायर जाड,
ट्रामच्या रुळात अडकू नये इतका.

"माणसाचं बत्तिसात भागतं," ती म्हणाली,
"मला साठ?"
"बत्तीस चावायला. हे चढायला."

उतारावर पाय नुसतेच गरगरतात,
मोठ्या चाकांवरची पोरं पुढे निघून जातात.
जाऊ देत.
चढावर तीच भेटतात,
दातओठ खात, सायकल ढकलत.

ती बसूनच वर जाते.
जाताना हसते जरा,
सगळे दात तिनेच घडवलेले, एकेक.