पीळ

सातवीच्या फळ्यावर मी लिहिलं : स्ट्राँग.
म्हणजे काय?
"चहा, सर."
"तहसीलातली खोली, मतदानाच्या मशिना ठेवते थे.
बाहीर पोलीस अस्ते."
"माह्या मामाची बॉडी."
आचल खंडारे गप्प होती.
तिच्या बोटांना अंबाडी कुजवल्याचा वास,
दोन बाकांपर्यंत.

रात्री कोश काढला,
बी.एड.च्या वर्षी यवतमाळात घेतलेला, कुणाचा तरी जुना.
स्ट्राँगच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात :
बहुधा स्ट्रिंगचा सोयरा.
मूळ अर्थ घट्ट, आवळलेला.
बहुधा, कारण कोशवाले
पुरावा पाहिल्याशिवाय सोयरीक पक्की करत नाहीत.

म्हणजे तिकडं थंडीच्या मुलखात
कुणी ताकदीला नाव शोधत बसला, तेव्हा
त्याच्यापुढं वाघ नव्हता, राजा नव्हता.
सुतळी होती.

रविवारी उकंडा खंडाऱ्यांच्या निंबाखाली गेलो.
एका टोकाला म्हातारा, दुसऱ्या टोकाला नात,
मधे वीस हात दोर थरथरत.
सांगितलं त्यांना.
"त्याइले आत्ता समजलं का?"
मग फिरकी न थांबवता :
"धाग्यात काई दम नसते, मास्तर.
धागा तं लेकरू तोडते.
दोन पेड पिळाचे, अन् एकमेकाइवर उलटे सोडाचे.
हा सुटाले पाह्यते, थो सुटू देत नाई.
बस, इतकंच अस्ते."

याच माणसाचा दोर
गावाच्या विहिरीत तळापर्यंत उतरायचा,
आणि हा कठड्यापासून दहा पावलं लांब,
घागर खाली ठेवून, कुणी ओतेल म्हणून.
एक दिवस त्यानं दोर द्यायचाच बंद केला.
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही,
गाव म्हणालं. शिवी म्हणून म्हणालं.
विहीर आठ दिवस भरलेली होती
आणि गाव तहानलेलं.

मराठीच्या वह्याही मीच तपासतो,
जागा दोन वर्षं रिकामी आहे.
आचलच्या निबंधाचं नाव : एकीचे वळ.
लाल पेन उचललं.
व च्या पोटात एक तिरपी रेघ, की झालं बळ.
तेवढंच काम.

पण निंबाखाली तिनं दोर सोडला तेव्हा
तळहातावर उठलेले पाहिले होते मी
तेच, दोन, लाल.

वही अजून माझ्याकडंच आहे.
रोज विचारते, "सर, तपासली का?"